उंची म्हणजे वेळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विमानाचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठं प्रवासी विमान येतं. वादळ, धुकं, डोंगर, इंजिनाला लागलेली आग असं काहीतरी कारण आपण मनाशी धरतो. पण विमानांच्या इतिहासात अपघातांचा आणखी एक प्रकार आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही. दोन किंवा चार आसनांचं, एका इंजिनाचं लहान खासगी विमान असतं. आकाश निरभ्र असतं, इंजिन ठणठणीत असतं, चालवणाऱ्याजवळ रीतसर परवाना असतो. आणि तरी काही सेकंदांत ते विमान जमिनीवर येऊन आदळतं. चौकशी करणारे मग मागचे धागे जोडत जातात, तेव्हा पुष्कळदा दोनच गोष्टी हाती लागतात. विमान जमिनीच्या फार जवळ होतं आणि ते वळत होतं.

या वळणाचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि इंजिनाचं विमान जन्माला येण्याच्याही आधी सुरू होतो.

जर्मनीत ओटो लिलिएंथाल नावाचा एक इंजिनिअर होता. पक्ष्यांचे पंख त्याने वर्षानुवर्षे अभ्यासले आणि १८९१ पासून स्वतः पंख बांधून टेकडीवरून झेपा घ्यायला सुरुवात केली. पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार झेपा घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ऱ्हिनोच्या टेकड्यांवर त्याचा ग्लायडर हवेत अचानक थबकल्यासारखा झाला, नाक खाली गेलं आणि सुमारे पंधरा मीटरवरून तो कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजली इमारतीची उंची. जीव जायला तेवढी पुरली; पण सावरायला ती फार अपुरी होती.

अमेरिकेत सायकलचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी ही बातमी वाचली. ते ऑर्व्हिल आणि विल्बर राइट. लिलिएंथालच्या मृत्यूने त्यांना उड्डाणाच्या नादाला लावलं आणि सावधही केलं. आपलं यंत्र असं नाकावर कोसळू नये म्हणून वर-खाली करणारं आडवं सुकाणू त्यांनी पंखांच्या मागे न लावता पुढे लावलं. तरीही १९०२ च्या ग्लायडरवर एक नवंच संकट उभं राहिलं. वळताना ग्लायडर एका बाजूला घसरे, खालचा पंख वाळूत रुते आणि सगळं यंत्र त्याभोवती गरकन फिरे. राइट बंधूंनी या प्रकाराला थट्टेने ‘विहीर खणणं’ असं नाव दिलं होतं. मागचं उभं सुकाणू हलतं केल्यावर ही विहीर बुजली. निदान तेव्हा त्यांना तसं वाटलं.

हे नेमकं का होतं, ते आता पाहू. त्यासाठी मोठं गणित लागत नाही. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, हे आपण मुलांना सांगतो. पण लहानपणी आपण सगळ्यांनी तो काढलेला असतो. तळहात आडवा धरून पुढची कड जराशी उचलली की वारा हात वर उचलतो. आणखी उचलली की आणखी वर. पण एका मर्यादेपलीकडे तळहात उभा केला की उचलणं संपतं. वारा हाताला नुसता मागे ढकलतो. विमानाच्या पंखाचंही तसंच आहे. पंख आणि समोरून येणारा वारा यांच्यातला कोन साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला की पंखावरून जाणारी हवा त्याला चिकटून वाहत नाही, ती फाटते. पंख उचलणं सोडून देतो. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. आपल्याकडे गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं असा अर्थ होतो. विमानात तसं नाही. इंजिन पूर्ण जोरात गर्जत असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो.

आता वळणाकडे येऊ. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आपण पाहिला असेल. लाकडी भिंतीवर मोटारसायकल गरगर फिरते, तेव्हा स्वार आपल्या वजनाच्या कितीतरी पट भाराने भिंतीला दाबला जातो. विमान कलून वळतं तेव्हा त्याच्या बाबतीतही हेच घडतं. उंची कायम राखून ३० अंशांत कललं तर भार थोडासाच वाढतो. ४५ अंशांत तो जवळजवळ दीडपटीकडे जातो. ६० अंशांत थेट दुप्पट होतो. हा वाढलेला भार पंखांनाच उचलायचा असतो. त्यामुळे सरळ उडताना जे विमान ताशी ९० किलोमीटर वेगापर्यंत तग धरतं, तेच ६० अंशांच्या वळणात ताशी १२७ किलोमीटरलाच हात टेकतं. सरळ जाताना सुरक्षित असलेला वेग वळताना जीवघेणा ठरतो, तो असा.

आणि वळणात दोन्ही पंख एकाच वेळी हात टेकतात असंही नाही. एक आधी सोडतो, दुसरा अजून उचलत असतो. मग विमान सोडलेल्या पंखाच्या बाजूला कोलमडतं आणि गोल गोल फिरत खाली येऊ लागतं. याला ‘स्पिन’ म्हणतात, आपण गिरकी म्हणू. आता माणसाचा स्वभाव पाहा. विमान नाक खाली करून जमिनीकडे निघालं की हात आपसूक दांडा मागे ओढतो, नाक वर उचलायला बघतो. पण मागे ओढल्याने पंखाचा कोन आणखी वाढतो आणि गिरकी घट्ट होते. इथे जीव वाचवण्याची उपजत ओढच जीव घेते.

विमानविद्येच्या पहिल्या दशकात गिरकी म्हणजे मृत्यूच मानला जाई. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या माळावर हा समज पहिल्यांदा डळमळला. ब्रिटिश नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क एका अॅव्ह्रो विमानातून लष्करी चाचणीचं उड्डाण करून उतरत होता. सोबत एक प्रवासी होता. उतरता उतरता विमान गिरकीत गेलं. उंची होती सहा-सातशे फूट. पार्कने तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सगळं केलं. दांडा मागे ओढला, इंजिनाचा जोर वाढवला, वळणाच्याच दिशेने सुकाणू दाबलं. काही उपयोग होईना. शेवटी दुसरं काहीच उरलं नाही म्हणून त्याने सुकाणू पूर्ण उलट्या दिशेला दाबलं. गिरकी थांबली. विमान सरळ झालं तेव्हा जमीन सुमारे ५० फुटांवर होती.

उतरल्यावर पार्कने आपण कोणत्या क्षणी काय केलं ते जाणकारांसमोर बारकाईने सांगितलं. तो प्रसंग ‘पार्क्स डाइव्ह’ या नावाने विमानविद्येच्या इतिहासात नोंदला गेला. त्याचं दुर्दैव असं की त्याच वर्षी १५ डिसेंबरला हेंडनहून ऑक्सफर्डकडे निघालेल्या दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात तो मरण पावला.

एका माणसाचा अनुभव आणि शास्त्र यांत अंतर असतं. ते अंतर कापलं फ्रेडरिक लिंडेमन या पदार्थवैज्ञानिकाने. पुढे हाच लिंडेमन लॉर्ड चेरवेल म्हणून विन्स्टन चर्चिल यांचा विज्ञान सल्लागार झाला. १९१७ मध्ये तो फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात काम करत होता. गिरकीचं गणित कागदावर मांडून तो थांबला नाही. विमान चालवायला शिकला, वर गेला आणि जाणूनबुजून विमान गिरकीत घातलं. गरगरत खाली येताना त्याने उपकरणांवरचे आकडे पाठ केले आणि नंतर ते लिहून काढले. गिरकीतून बाहेर येण्याची रीत त्यानंतर पक्की झाली. सुकाणू उलट दिशेला, दांडा पुढे. पंखावर हवा पुन्हा वाहू लागली की मग हळूच वर. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी लहान विमानाच्या बाबतीत हा उपाय मुळात तोच आहे.

मग इथे कुणीही विचारेल, उपाय सापडला तर माणसं अजून का मरतात?

कारण या औषधाची किंमत उंचीत मोजावी लागते. जगात सर्वांत जास्त बनलेलं लहान विमान म्हणजे सेस्ना १७२. त्याच्या पुस्तिकेत उत्पादकाने सांगितलं आहे की एका वेढ्याची गिरकी आणि त्यातून बाहेर येणं यासाठी हजार फूट उंची जमेस धरावी. आता हिशेब मांडा. विमानतळाभोवती फेरी मारताना लहान विमान साधारण हजार फुटांवर असतं. उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत यायला शेवटचं वळण घेतात तेव्हा ते पाचशे फुटांच्या आसपास असतं. याच वळणात नवशिक्या माणसाला कळतं की आपण थोडे पुढे आलो, रेषा चुकली. मग तो विमान जास्त कलवतो. कलवायची भीती वाटली तर पायाने सुकाणू जास्त दाबतो. नाक खाली जातंय म्हणून दांडा मागे ओढतो. गिरकीला लागणारं सगळं साहित्य त्याने स्वतःच्या हाताने जमवलेलं असतं. खर्च हजार फुटांचा आणि गाठीला पाचशे. उपाय तोंडपाठ असला तरी तो पुरा करायला वेळच उरत नाही. उंची म्हणजे वेळ, ती अशी.

ही झाली नकळत घडणारी गोष्ट. पण इतिहासात जाणूनबुजून जमिनीजवळ जाणाऱ्यांची यादीही मोठी आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराची ‘जेनी’ जातीची विमानं स्वस्तात विकायला निघाली. ती घेऊन तरुण वैमानिक गावोगाव फिरत, शेतात उतरत आणि पैसे घेऊन कसरती दाखवत. प्रेक्षकाला उंचावरचं काही दिसत नाही, म्हणून कसरत खाली यावी लागे. अपघातांचा गवगवा होत गेला आणि १९२६ मध्ये तिथे हवाई वाहतुकीचा कायदा आला. वैमानिकांचे परवाने, विमानांची तपासणी हे सगळं त्यानंतरचं.

इंग्लंडमधली डग्लस बेडरची कथा तर प्रसिद्धच आहे. हवाई दलातला हा एकवीस वर्षांचा खेळाडू तरुण कसरतींत वाकबगार होता. १४ डिसेंबर १९३१ रोजी रेडिंगजवळच्या वूडली इथल्या विमान क्लबला तो भेट द्यायला गेला. तिथल्या तरुणांनी त्याला डिवचलं, काहीतरी करून दाखव म्हणाले. त्याने बुलडॉग विमान अगदी जमिनीलगत आणून कुशीवर फिरवलं. डाव्या पंखाचं टोक जमिनीला लागलं. बेडर वाचला, पण दोन्ही पाय कापावे लागले. पुढे कृत्रिम पाय लावून तो दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान उडवायला परत आला, म्हणून त्याची कथा शौर्याची म्हणून सांगितली जाते. ती शौर्याची आहेच. पण त्या शौर्याची वेळ येण्यापूर्वी काय घडलं होतं, ते बेडरने स्वतः लपवलं नाही. जमिनीजवळ कसरत करताना आदळलो आणि ते वाईट झालं, अशी दोन ओळींची नोंद त्याने आपल्या वहीत केली. कुणा दुसऱ्यावर ठपका ठेवला नाही.

आपल्या देशात लहान विमानांचं युग १९२८-२९ मध्ये सुरू झालं. दिल्ली, मुंबई अशा ठिकाणी फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईत जुहूचं मैदान विमानांसाठी तयार झालं. याच क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन ते कराचीहून लहानशा पुसमॉथ विमानाने अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तो दिवस भारतीय नागरी विमानसेवेचा जन्मदिवस मानला जातो. आपल्याकडची विमानसेवा लहान विमानातूनच मोठी झाली, हे विसरून चालणार नाही. लहान विमान वाईट नसतं. ते फार मनमिळाऊ असतं, आणि म्हणूनच त्याच्याशी सलगी वाढते.

सलगीची सर्वांत जबर किंमत या देशाने पाहिली ती २३ जून १९८० रोजी. सकाळी आठच्या सुमारास दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून पिट्स एस-२ए हे दोन आसनांचं दुपंखी विमान उडालं. त्यात खासदार संजय गांधी आणि दिल्ली फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक कॅप्टन सुभाष सक्सेना होते. पिट्स हे खास कसरतींसाठी बनवलेलं विमान, अतिशय चपळ. दांडा जरासा हलवला तरी गर्रकन फिरणारं. दिल्लीच्या वस्तीवर कमी उंचीवर कसरती करताना ते खाली झेपावलं आणि पुन्हा वर उचललं गेलं नाही. दोघंही जागीच गेले. संजय गांधी तेहेतीस वर्षांचे होते. देशाच्या राजकारणाची दिशा त्या सकाळी बदलली. इंडियन एअरलाइन्समध्ये शांतपणे वैमानिकाची नोकरी करणारे थोरले बंधू राजीव गांधी राजकारणात आले. आपण या घटनेची आठवण काढतो तेव्हा राजकारणच बोलतो. पण त्या दिवशी गुरुत्वाकर्षणाने कुणाचं पद विचारलं नव्हतं. विमान चपळ असलं म्हणजे त्याला जमीन कमी लागते असं नाही.

मग तंत्रज्ञांनी काय केलं? पुष्कळ केलं. १९४० च्या सुमारास फ्रेड वाइक यांनी अमेरिकेत ‘एर्कूप’ नावाचं विमान आणलं. ते गिरकीत जाऊच शकणार नाही अशी त्याची रचना होती. पायाने दाबायचं सुकाणूच त्यात नव्हतं. १९४४ मध्ये वोल्फगांग लांगेवीश या चाचणी वैमानिकाने ‘स्टिक अँड रडर’ हे पुस्तक लिहिलं आणि साध्या भाषेत पटवून दिलं की वेगापेक्षा पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन महत्त्वाचा आहे. ते पुस्तक वैमानिक आजही वाचतात. लेनर्ड ग्रीन यांनी स्टॉल होण्याआधीच भोंगा वाजवून सावध करणारं उपकरण बनवलं. १९४९ मध्ये अमेरिकेने खासगी वैमानिकाच्या परीक्षेतून गिरकीचं प्रात्यक्षिक काढून टाकलं आणि गिरकीपर्यंत जाऊच नये, स्टॉल आधी ओळखावा, यावर भर दिला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. काही जुने प्रशिक्षक म्हणतात, पोहायला शिकवायचं आणि गटांगळी कशी असते ते दाखवायचं नाही, हे कसलं शिक्षण? मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण पाचशे फुटांवर गटांगळीचा अनुभव कामाला येत नाही, हे विसरू नये.

नव्या काळात सिरस कंपनीने तर अख्ख्या विमानालाच छत्री लावली. दोरी ओढली की रॉकेटच्या जोराने हवाई छत्री उघडते आणि विमान माणसांसकट खाली उतरतं. या छत्रीने अनेक जीव वाचवले आहेत. पण तिच्याही कागदपत्रांत तोच जुना हिशेब आहे. सरळ उड्डाणात छत्री उघडेपर्यंत सुमारे चारशे फूट जातात आणि एका वेढ्याच्या गिरकीत नऊशे वीस.

११ ऑक्टोबर २००६ रोजी अशाच एका सिरस विमानातून न्यूयॉर्कचा बेसबॉलपटू कोरी लायडल आपल्या प्रशिक्षकासोबत ईस्ट रिव्हरवरून उडत होता. नदीच्या दोन्ही काठांवर गगनचुंबी इमारती आणि पुढे परवानगीशिवाय हवाई बंदी. म्हणजे पुढे जाता येणार नव्हतं, मागेच वळायचं होतं. नदीचं पात्र तिथे सुमारे २१०० फूट. वारा पूर्वेकडून, म्हणजे त्यांना मॅनहॅटनच्या इमारतींकडे ढकलणारा. वळणासाठी पात्राची पूर्ण रुंदी वापरायला हवी होती, तर त्यांनी ते एका काठाला जाऊन सुरू केलं नाही. विमान एका निवासी इमारतीवर आदळलं, दोघंही गेले. वळण्याचं नियोजन आणि निर्णय अपुरा होता, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सरकारी चौकशीने काढला. छत्री होती, ती उघडायला लागणारी सवड नव्हती. अरुंद दरीत शिरलेल्या विमानाचंही असंच होतं. वळायचं कुठे, हे आत शिरण्याआधी ठरवावं लागतं.

नियम आहेत. दाट वस्तीवर सगळ्यांत उंच इमारतीच्या वर हजार फूट आणि इतरत्र जमिनीपासून पाचशे फूट, अशी किमान उंची आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेली आहे. कसरतींच्या प्रदर्शनात उतरणाऱ्या व्यावसायिकांनाही अमेरिकेत उंची टप्प्याटप्प्यानेच खाली आणू देतात. आधी ८०० फूट, मग ५००, मग २५०. वर्षानुवर्षं सिद्ध करून दाखवल्यावर पुढचा टप्पा. ज्यांचा हा पोटापाण्याचा धंदा आहे, ते एका कसरतीसाठी शंभर वेळा उंचावर सराव करतात. आणि रविवारी हौसेने उडणारा माणूस मित्राच्या घरावरून, सासरच्या गच्चीवरून पहिल्याच झटक्यात खाली झेप घेतो. खाली आपली माणसं हात हलवत असतात. त्यांना जवळून दिसावं म्हणून तो आणखी खाली येतो, त्यांच्यावर नजर ठेवून वळतो आणि वेगाच्या काट्याकडे बघत नाही. अशा अपघाताचे साक्षीदार बहुतेक वेळा घरचेच असतात, हे त्यातलं सगळ्यांत मोठं दुःख.

वैमानिकांमध्ये एक जुनी म्हण आहे. तीन गोष्टी कधीच उपयोगी पडत नाहीत: डोक्यावरची उंची, मागे राहिलेली धावपट्टी आणि जमिनीवर ठेवून आलेलं पेट्रोल. मला त्यातली पहिली सर्वांत महत्त्वाची वाटते. लिलिएंथालच्या पंधरा मीटरांपासून ईस्ट रिव्हरच्या पात्रापर्यंत यंत्रं बदलली, पंख लाकूड-कापडाचे होते ते काचतंतूंचे झाले, भोंगे आले, छत्र्या आल्या. बदललं नाही ते एवढंच की चूक सुधारायला वेळ लागतो आणि आकाशात तो वेळ फुटांत मोजला जातो. पार्कच्या नशिबाने त्याच्याजवळ ५० फूट शिल्लक राहिले. त्या ५० फुटांच्या भरवशावर कुणी वळण घेऊ नये.